वापरलेली सुई कुठे जाते?

गल्लीत भरलेल्या आरोग्य शिबिराचा मांडव उतरला होता. नाश्त्याच्या पत्रावळी आणि चहाचे कागदी कप भरलेली एक गोणी नालीच्या कडेला कलंडली होती. ती सरळ करायला गेले आणि उजव्या तळहातात काहीतरी कचकन घुसलं. हात मागे घेतला तर अंगठ्याच्या मुळाशी रक्ताचा थेंब, आणि गोणीच्या विणीतून बाहेर आलेलं सुईचं टोक. शिबिर कोणी भरवलं होतं ते इथे लिहीत नाही. ती मंडळी चांगल्या हेतूनेच आली होती, म्हाताऱ्याकोताऱ्यांची साखर तपासून, इंजेक्शनं देऊन गेली. नंतर विचारलं तेव्हा म्हणाली, "आमची सुई नव्हे, रात्री कोणीतरी टाकली असेल." ती कोणाच्या अंगातून निघालेली होती हे मला कळलं नाही आणि आता कळण्याचा मार्गही नाही.

त्यानंतरचे काही महिने मी ज्या धास्तीत काढले ते कोणाच्या वाट्याला येऊ नयेत, आणि आलेच तर पहिल्या तासात काय करायचं हे ठाऊक असावं, एवढ्यासाठी हे लिहिते आहे.

पुरानी बस्ती म्हणजे रायपूरचा जुना गाभा. महामाया मंदिर, दूधाधारी मठ, टुरी हटरीचा बाजार, आणि या सगळ्यांना जोडणाऱ्या अरुंद गल्ल्या. माझं माहेर नागपूरचं, लग्न होऊन इथे आले. नागपूरकर भोसल्यांच्या काळापासून या शहरात मराठी घरं आहेत, आणि आमच्यासारखी नंतर आलेलीही पुष्कळ. आमच्या गल्लीत नगर निगमची कचरागाडी तोंडाशीच थांबते. आतला कचरा सफाई दीदी हाताने गोळा करून बाहेर नेते. हा तपशील ध्यानात ठेवा, कारण आपल्या घरातून निघालेल्या सुईला पहिला हात लागतो तो त्या दीदीचाच.

सुई टोचली त्या क्षणी भोवती माणसं गोळा झाली आणि प्रत्येकाचा उपाय वेगळा. एकीने हळद आणली, एकजण पानाच्या टपरीवरून चुना घेऊन आला, एका काकांनी जखम दाबून रक्त काढायला सांगितलं, तर दुसऱ्यांनी चक्क तोंडाने चोखून थुंकायला. यातलं काहीही करायचं नसतं. जखम दाबली, पिळली की आजूबाजूच्या ऊतींना इजा होते, फायदा काही नाही. स्पिरिट, डेटॉल, ब्लीच ओतायचं नाही. वाहत्या पाण्याखाली हात धरायचा, साध्या साबणाने नीट धुवायचा, आणि निघायचं. सुई पुरावा म्हणून खिशात घालून नेऊ नका. दवाखान्यात तिची तपासणी करत नाहीत, आणि नेता नेता ती आणखी कोणाला टोचते. चिमट्याने उचलून एखाद्या जाड डब्यात टाका आणि झाकण लावा.

निघायचं म्हणजे लगेच निघायचं. "उद्या सकाळी ओपीडीत दाखवू" हे वाक्य आमच्याकडेही बोललं गेलं. एचआयव्हीची लागण रोखण्यासाठी जी औषधं देतात, ज्यांना डॉक्टर पेप म्हणतात, ती शक्य तितक्या लवकर, दोन तासांच्या आत सुरू झाली तर उत्तम, आणि 72 तास उलटून गेले तर त्यांचा उपयोग उरत नाही. शनिवारी संध्याकाळी सुई टोचली आणि सोमवारची वाट पाहिली तर त्यातला बराचसा वेळ हातचा गेला. ही औषधं सरकारी रुग्णालयात मोफत मिळतात. रायपुरात आंबेडकर रुग्णालय, ज्याला सगळे मेकाहारा म्हणतात, आणि टाटीबंधचं एम्स, दोन्हीकडे आपत्कालीन विभाग रात्रंदिवस उघडा असतो. तिथे गेल्यावर नुसतं "हाताला लागलंय" म्हणू नका. "वापरलेली सुई टोचली आहे, अमुक वाजता टोचली, कोणाची ते माहीत नाही" असं स्पष्ट सांगा. मलमपट्टीच्या रांगेत उभं राहिलात तर धनुर्वाताचं इंजेक्शन देऊन घरी पाठवतील.

ड्यूटीवरच्या तरुण डॉक्टर बाईंनी मला एक गोष्ट फार शांतपणे समजावून सांगितली. आपण सगळे एचआयव्हीला भितो, पण सुईतून लागण होण्याची शक्यता हिपॅटायटिस बीची कितीतरी जास्त. ज्याने लस घेतलेली नाही त्याला हिपॅटायटिस बी असलेल्या माणसाच्या रक्ताची सुई टोचली तर शंभरातल्या तीसपर्यंत लोकांना लागण होऊ शकते. हिपॅटायटिस सीचा धोका शंभरात दोनाच्या आसपास किंवा त्याहून कमी. एचआयव्हीचा हजारात तीन, आणि तोही समोरच्याला एचआयव्ही आहे हे नक्की असताना, रक्त ताजं असताना. रस्त्यावर पडून वाळलेल्या सुईतून एचआयव्ही होण्याची शक्यता त्याहूनही फार फार कमी, कारण हा विषाणू शरीराबाहेर लवकर निकामी होतो. हिपॅटायटिस बीचा विषाणू मात्र वाळलेल्या रक्तातही किमान सात दिवस तग धरतो. मग त्यांनी विचारलं, "हिपॅटायटिस बीची लस घेतली आहे का?" मी घेतली नव्हती. माझ्या वयाच्या बहुतेकांनी घेतलेली नसते, कारण बाळांच्या सरकारी लसीकरणात ती देशभर पोचली तीच मुळी 2011च्या सुमारास. मोठ्या माणसांना ती शून्य, एक आणि सहा महिने अशा तीन मात्रांत घेता येते, आणि ती महागही नाही. घरात कोणाला रोज इंजेक्शन लागत असेल, घरात डायलिसिसचा रुग्ण असेल, कोणी दवाखान्यात, लॅबमध्ये किंवा सफाईच्या कामावर असेल, तर ही लस आधीच घेऊन ठेवा. टोचल्यानंतर धावपळ करण्यापेक्षा ते केव्हाही बरं.

मला पेपच्या गोळ्या 28 दिवस दिल्या. सुई बेवारस असली की गोळ्या द्यायच्या की नाही हे डॉक्टर परिस्थिती पाहून ठरवतात. तो निर्णय त्यांच्यावर सोडा, पण दिल्याच तर एकही दिवस चुकवू नका. मळमळ होते, झोप उडते, ते सहन करण्यासारखं असतं. कठीण असतं ते दुसरंच. आज रक्त निगेटिव्ह आलं म्हणजे सुटलो असं नसतं, पुन्हा सहा आठवड्यांनी, तीन महिन्यांनी, सहा महिन्यांनी तपासणी असते. तोवर रक्तदान करायचं नाही, वस्तरा-ब्लेड कोणाबरोबर वाटून घ्यायचं नाही, आणि नवरा-बायकोंनी निरोध वापरायचा. हे शेवटचं आपल्याकडे डॉक्टरही घाईत उरकतात आणि ऐकणारा मान खाली घालतो. मान खाली घालू नका, नीट विचारून घ्या. माझ्या सगळ्या तपासण्या निगेटिव्ह आल्या. पण त्या मधल्या काळात मी स्वयंपाकघरात विळीवर बोट कापलं तरी दचकत होते, आणि नातवाला जवळ घेताना, हे निव्वळ खुळं भय आहे हे समजत असूनही, हात आखडत होता. शंका आली की 1097 या एड्स हेल्पलाइनवर फोन करा. तो मोफत आहे, नाव सांगावं लागत नाही.

आता मूळ प्रश्न. सुई कोणाची?

गल्लीचं बोट ताबडतोब एकाच दिशेला गेलं. पडक्या वाड्याच्या भिंतीमागे संध्याकाळी काही पोरं बसतात, नशा करतात, हे सगळ्यांना माहीत आहे. "त्यांनीच टाकली. पोलिसांना सांगून हाकलून लावा त्यांना." बैठक भरली, पार्षदांना निवेदन द्यायचं ठरलं. मी त्याच सुमारास आमच्या सफाई दीदीला सहज विचारलं की तिला कधी सुई टोचते का. तिने हातमोजा काढून दाखवला. कापडी मोजा, वर पातळ रबराचा थर, आणि तर्जनीच्या टोकाशी झिजून पडलेलं भोक. मग तिने त्या दिवशीच्या सुक्या कचऱ्याच्या पोत्यातून काठीने ढोसून एक वर्तमानपत्राची पुडी बाहेर काढली. पुडीत लाल टोपणाच्या इन्सुलिनच्या सिरिंज, साखर तपासायच्या छोट्या लॅन्सेट, एक फुटलेली काचेची अँप्यूल. दुसऱ्या पुडीवर तर सॅनिटरी पॅडचं वेष्टन गुंडाळलेलं होतं आणि आत इंजेक्शनच्या सुया. "दीदी, नशेडी लोग का माल तो हमको दिखता है, खुले में पड़ा रहता है. घर वाले छुपा के देते हैं, वही चुभता है."

मी कितीतरी दिवस त्या वाक्याचा विचार करत राहिले. आमच्या गल्लीत साखरेचे रुग्ण घरटी एक म्हटलं तरी चालेल. त्यातल्या कित्येकांना इन्सुलिन आहे. पण हे कोणी बोलत नाही. एका घरातल्या मुलीला लहानपणापासून इन्सुलिन घ्यावं लागतं. तिच्या आईला भीती ही की स्थळं यायची बंद होतील. एका सुनेला मूल राहावं म्हणून इंजेक्शनं चालू आहेत आणि ते सासूच्या मैत्रिणींना कळता कामा नये. म्हणून सुया कागदात, कागद पिशवीत, पिशवी दुसऱ्या पिशवीत. यात दुष्टपणा कोणाचाच नाही. लाज आहे, आणि नेमकी त्या लाजेपोटी दडवलेली सुई पिशवी उचलणाऱ्या बाईच्या बोटात शिरते.

नियम काय सांगतो? 8 एप्रिल 2016च्या घनकचरा व्यवस्थापन नियमांनी घरातल्या वापरलेल्या सुया आणि सिरिंज यांना "घरगुती घातक कचरा" या वर्गात टाकलं. मुदत संपलेली औषधं, फुटलेले पाऱ्याचे थर्मामीटर, ट्यूबलाइट, बॅटऱ्या यांच्या पंगतीत. हा कचरा ओल्यात नाही, सुक्यात नाही, तिसरा वेगळा ठेवायचा ही घरमालकाची जबाबदारी ठरली. आणि तो स्वीकारण्यासाठी दर 20 चौरस किलोमीटरला एक केंद्र उभारायचं ही नगरपालिकेची. त्याच वर्षीच्या 28 मार्चच्या जैव-वैद्यकीय कचरा नियमांत तर आणखी स्पष्ट लिहिलं आहे की घरी होणाऱ्या उपचारांतून निघालेला असा कचरा वेगळ्या पिशवीत किंवा डब्यात पालिकेच्या कचरा-कामगारांकडे द्यायचा, आणि पालिकेने तो दवाखान्यांचा कचरा नष्ट करणाऱ्या सामायिक केंद्राकडे पोचवण्याचा करार करायचा. 1 एप्रिल 2026 ही अंमलाची तारीख ठरवून आलेल्या नव्या घनकचरा नियमांत चार भाग सांगितले आहेत: ओला, सुका, सॅनिटरी आणि विशेष काळजीचा. औषधं, थर्मामीटर या चौथ्या भागात. म्हणजे कायद्याच्या बाजूने कसर नाही. कसर आहे ती गल्लीच्या तोंडाशी, जिथे गाडीला चौथा कप्पा असला तरी त्यात काय टाकायचं हे टाकणाऱ्यालाही माहीत नाही आणि घेणाऱ्यालाही. इंदूरने सहा प्रकारे कचरा वेगळा करण्याची सवय घराघरांत लावून दाखवली आहे, तेव्हा हे आपल्याकडच्या शहरांत होत नाही असं कोणी म्हणू नये.

पालिकेची वाट पाहत न बसता घरात आजच करण्यासारखी गोष्ट म्हणजे डबा. कपडे धुण्याच्या द्रव साबणाची किंवा फिनेलची जाड प्लास्टिकची बाटली घ्या, फिरकीच्या झाकणाची. पाण्याची बाटली नको. तिला अंगठ्याने दाबून पाहा, ती जिथे दबते तिथून सुई सहज आरपार येते. काचेची बरणी नको, फुटते. बाटली अशा ठिकाणी ठेवा की जिथे इंजेक्शन घेता तिथून हात पोचेल पण लहान मुलाचा पोचणार नाही. आमच्या शेजारच्या आजी देवघराच्या खोलीत खिडकीशी बसून इन्सुलिन घेतात. त्यांची बाटली खिडकीच्या वरच्या फळीवर आहे. सुई टोचून झाली की तशीच, सरळ, टोक खाली करून बाटलीत. पुन्हा टोपण लावायचा खटाटोप करू नका. घरोघर सुया टोचतात त्यातल्या पुष्कळशा टोपण लावतानाच टोचतात, विशेषतः दुसऱ्याला इंजेक्शन देणाऱ्या सुनेला किंवा मुलाला. इन्सुलिनचं पेन वापरत असाल तर पेनवर सुई तशीच ठेवू नका, तिच्या बाहेरच्या मोठ्या टोपणाने फिरवून काढा आणि टाका. लॅन्सेटही त्याच बाटलीत. बाटली पाऊण भरली की बंद. झाकणावर चिकटपट्टी गुंडाळायची, आणि वर मोठ्या अक्षरांत लाल रंगाने लिहायचं: "सावधान, सुई है." हिंदीत लिहा, कारण वाचणारी माणसं हिंदी वाचतात. पुण्यात कचरावेचकांच्या 'स्वच्छ' संस्थेने पॅड आणि डायपर कागदात गुंडाळून वर लाल ठिपका काढायची मोहीम चालवली होती, ती याच कारणासाठी: उचलणाऱ्याला आधी कळावं. सुईला तर त्याची दुप्पट गरज.

काय करू नये तेही सांगते. सुया शौचालयात टाकू नका, त्या तुंबलेल्या नालीत हात घालणाऱ्याला टोचतात. जाळू नका, प्लास्टिक जळून विषारी धूर होतो आणि सुई तशीच उरते. अंगणात पुरू नका. आणि सिरिंज भंगारवाल्याला, आमच्या भाषेत कबाड्याला, कधीही देऊ नका. 2009 मध्ये गुजरातेतल्या मोडासा भागात हिपॅटायटिस बीची मोठी साथ आली, कित्येक माणसं दगावली. वापरलेल्या सिरिंज पुन्हा वापरल्या गेल्या होत्या, आणि अशा सिरिंज भंगारातून परत बाजारात येतात हे त्या वेळी उघड झालं. म्हणून दवाखान्यात सुई कापायचं यंत्र असतं. घरी रोज इंजेक्शन लागत असेल तर छोटा सुई-कटर औषधाच्या दुकानात मागून मिळतो. कापलेली सुई कोणी दुसऱ्यांदा विकू शकत नाही.

बाटली भरल्यावर द्यायची कुठे? आम्ही आधी नगर निगमच्या झोन कार्यालयात गेलो. नियमांची प्रत पुढे ठेवली आणि घरगुती घातक कचऱ्याचं केंद्र कुठे आहे ते लेखी विचारलं. तोंडी विचारलं की तोंडी उत्तर मिळतं, म्हणून अर्ज द्या आणि पोच घ्या. छत्तीसगडात शहरांच्या तक्रारींसाठी निदान 1100 ही हेल्पलाइन आहे, तिच्यावरही नोंद करा. दवाखाने आणि कचरा नष्ट करणारी केंद्रं नियम पाळतात की नाही यावर देखरेख पर्यावरण संरक्षण मंडळाची असते. गल्लीत कुठे दवाखान्याचा कचरा उघड्यावर दिसला तर तक्रार त्यांच्याकडे. दरम्यान आमची सोय झाली ती मितानिनमुळे. बाहेरच्या वाचकांसाठी सांगते, महाराष्ट्रात जशी आशाताई तशी छत्तीसगडात मितानिन. ही योजना 2002 मध्ये इथे सुरू झाली आणि आशा त्यानंतर आली. आमची मितानिन दीदी घराघरात जाते, कोणाला काय औषध आहे हे तिला माहीत असतं आणि ती ते चार ठिकाणी बोलत नाही. तिने घरोघर बाटलीची गोष्ट सांगितली, आणि जवळच्या दवाखान्यात, जिथून कचरा नियमाप्रमाणे उचलला जातो, बंद बाटल्या घ्यायला विनंती केली. मोठी क्रांती नाही. पण सफाई दीदीच्या पोत्यात आता कागदाची पुडी क्वचित निघते.

राहिली ती भिंतीमागची पोरं. यावर गल्लीत माझे मतभेद झाले आणि ते अजून मिटलेले नाहीत, तरी मला पटलेलं सांगणं भाग आहे.

राज्य एड्स नियंत्रण संस्थेच्या प्रकल्पातला एक कार्यकर्ता या मुलांकडे येतो. मी त्याच्याशी बोलले आणि एकदा तो काम करतो ते थोडं अंतर ठेवून पाहिलं. त्याच्याकडे जाड भिंतीचा झाकणाचा डबा, लांब चिमटा, जाड हातमोजे आणि पाठीवर नव्या सिरिंजची पिशवी. आधी त्याने भिंतीकडेच्या गवतातून चिमट्याने सुया उचलल्या. मग एक पोरगा आला, खिशातून जुन्या सुया काढून स्वतःच्या हाताने डब्यात टाकल्या. कार्यकर्त्याने किती आल्या ते वहीत लिहिलं आणि नव्या दिल्या. कोणी जुन्या आणल्या नाहीत म्हणून नव्या नाकारत नाहीत, पण आणायची सवय लावतात. तो स्वतः कधीकाळी याच व्यसनात होता. त्याने मला सांगितलं की पोलिसांच्या भीतीने मुलं सुई जवळ बाळगत नाहीत, टोचली की तिथेच फेकतात. ऐकून मला आमच्या घरांतल्या वर्तमानपत्राच्या पुड्या आठवल्या. तिथे शेजाऱ्यांची भीती, इथे पोलिसांची.

हे काम नवं नाही आणि लपूनछपून चाललेलंही नाही. जगातला पहिला सुई-अदलाबदल कार्यक्रम 1984 मध्ये ॲमस्टरडॅममध्ये सुरू झाला, तोही व्यसनी लोकांच्याच संघटनेच्या पुढाकाराने आणि हिपॅटायटिस बी रोखण्यासाठी. आपल्या देशात मणिपूरने याची सगळ्यात मोठी किंमत मोजली. नव्वदच्या दशकात तिथे सुईने नशा करणाऱ्यांतले निम्म्याहून अधिक लोक एचआयव्ही-बाधित झाले. व्यसनातून बाहेर आलेल्या तरुणांनीच इंफाळमध्ये 'सासो' ही संस्था काढली, 1996 मध्ये मणिपूर सरकारने आपल्या एड्स धोरणात हा मार्ग स्वीकारला आणि पुढच्या काळात लागणीचं प्रमाण खाली आलं. मुंबईत 'संकल्प' ही संस्था 1995 पासून रस्त्यावरच्या अशा मुलांमध्ये काम करते. केंद्राच्या 2002 च्या एड्स धोरणात हे आलं, आणि 10 सप्टेंबर 2018 पासून लागू झालेल्या एचआयव्ही-एड्स कायद्याने तर अशी स्वच्छ सुई देणाऱ्याला आणि घेणाऱ्याला त्या कृतीसाठी गुन्हेगार ठरवता येणार नाही असं संरक्षण दिलं. याच प्रकल्पांतून पुढे जिभेखाली ठेवायच्या गोळीचा उपचारही मिळतो, ज्याने सुई सुटते. "नव्या सुया देऊन नशेला उत्तेजनच" हा आक्षेप मीही घेतला होता. जागतिक आरोग्य संघटनेने 2004 मध्ये जगभरचे पुरावे तपासून निष्कर्ष काढला की या कार्यक्रमांनी एचआयव्ही घटतो आणि नशा वाढल्याचा पुरावा मिळत नाही.

एक आई म्हणून मला त्या मुलांचं व्यसन सुटावं असंच वाटतं. ज्यांच्या घरात हा प्रश्न आहे त्यांनी 14446 या नशामुक्ती हेल्पलाइनवर बोलावं. पण त्यांना हाकलून लावल्याने सुया नाहीशा होत नाहीत, पुढच्या गल्लीत पडतात, आणि त्यांच्यामागे डबा घेऊन फिरणारा माणूसही त्यांना हरवून बसतो. आमच्या निवेदनातलं "पोलिस बंदोबस्त करावा" हे वाक्य काढून मी त्या जागी "भिंतीजवळ सुयांसाठी पक्का डबा बसवावा" असं लिहायला सुचवलं. काहींनी सही केली, काहींनी केली नाही.

आता शिबिरांविषयी, कारण माझी गोष्ट तिथून सुरू झाली. रक्तदान शिबिर, लसीकरण शिबिर, आरोग्य तपासणीचं शिबिर, ही सगळी 2016 च्या जैव-वैद्यकीय कचरा नियमांत नाव घेऊन आलेली आहेत. दवाखान्याला जे बंधन तेच शिबिराला: सुयांसाठी न टोचणारा, न गळणारा पांढरा अर्धपारदर्शक डबा, सुई काढलेल्या सिरिंजसाठी लाल पिशवी, रक्त लागलेल्या कापसासाठी पिवळी, आणि सगळं अधिकृत केंद्राकडे. गणेशोत्सवात, शिवजयंतीला, आंबेडकर जयंतीला आपली मंडळं हौसेने शिबिरं भरवतात, रायपुरातही, नागपूर-पुण्यातही. ती भरवाच, त्यांची गरज आहे. मंडळाच्या कार्यकर्त्यांना माझी विनंती एवढीच की येणाऱ्या डॉक्टरांना आणि संस्थेला बोलावतानाच विचारा, सुयांचा डबा कोण आणणार, किती आणणार आणि संध्याकाळी तो कोण, कोणत्या गाडीतून नेणार. उत्तर लेखी घ्या, एका कार्यकर्त्याला त्या डब्यापाशी दिवसभर उभं करा, आणि तो डबा गाडीत चढल्याशिवाय मांडव उतरवू नका.